शालनचा रोल

आण्णांनी कॅमेरा कानाशी धरला, डोळे मिटले आणि खटका दाबला. आतून बारीक घरघर ऐकू आली आणि मध्येच अडखळून थांबली.

“ह्याला दम लागतोय,” ते म्हणाले आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला. “दुसरा दाखवा.”

“माझ्यासारखाच की मग,” शालन स्टुलावरून म्हणाली. “घेऊया आण्णा. जोडी जमंल.”

आण्णा हसले नाहीत. इनामदार फोटोवाल्यांनी काचेच्या कपाटातून दुसरा कॅमेरा काढला आणि कपाळाला हात लावला. “आण्णा, तुम्ही कॅमेरा घ्यायला आलाय का मोटारीचं इंजिन?”

“यंत्र त्ये यंत्र. लहान असू दे न्हाईतर मोठं. बिघडलं असलं की आवाज सांगतोच.”

आण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, उद्यमनगरात लेथचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो. शालन माझी धाकटी बहीण. लहानपणी ताप येऊन तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि विशी गाठेपर्यंत तिला अंगणातून रस्त्यापर्यंत जातानाही मध्ये टेकावं लागे. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, असं डॉक्टर म्हणाले होते. “झडपच बदलायची न्हवं? आम्ही रोज बदलतो,” असं आण्णा येईल त्याला सांगत. ते ऐकून लोक मान डोलावत आणि विषय बदलत.

घरात बसून बसून शालननं नगर वाचनालयातली फोटोग्राफीची मासिकं वाचून काढली होती. तिला कॅमेरा हवा होता. नवा आमच्या आवाक्यात नव्हता, पण इनामदारांच्या कपाटात लोकांनी विकलेले जुने जपानी कॅमेरे असत. ते घ्यायचे कसे हे ती पाठ करून आली होती. बॅटरीवाचून चालणारा पाहिजे. भिंगात बुरशी नको. खटका सगळ्या वेगांना नीट पडला पाहिजे. खटका ऐकायला म्हणून तिनं आण्णांना गाठलं होतं, कारण लेथचं बेअरिंग जायला आलं की ते आण्णांना रस्त्यावरून कळे.

तिला एक चकचकीत, चामड्याच्या पिशवीतला कॅमेरा फार आवडला होता. आण्णांनी त्याचाही आवाज पास केला. पण शालननं भिंग उजेडाकडे धरलं आणि तोंड वाकडं केलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

“कोल्हापूरची हवा,” इनामदार म्हणाले. “माणसांची हाडं सोडत नाही, काच काय सोडणार!”

शेवटी राहिला तो एक बोजड, कोपऱ्यात पोचा आलेला, जुना कॅमेरा. तो सगळ्यांत स्वस्त होता. आण्णांनी एकेक वेग लावून खटका ऐकला. मग म्हणाले, “प्वाट दाखवा ह्याचं.”

इनामदारांनी बाजूची कळ वर ओढली. मागचं झाकण फटकन उघडलं. आण्णांनी चष्मा वर सरकवला, आतल्या दातेरी चाकावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा स्वच्छ होता.

“कुणीतरी जीव लावून ठेवलंय,” ते म्हणाले. “ह्योच घे. वरनं पोचा असला तर असू दे.”

ते रिक्षा बघायला बाहेर गेले, कारण शालनला चालवत न्यायची सोय नव्हती. ते गेल्यावर इनामदारांनी तिला एक ब्लॅक अँड व्हाइट रोल दिला आणि रोल कसा भरायचा, कसा काढायचा, झाकण कधी उघडायचं आणि कधी चुकूनही उघडायचं नाही, ते नीट समजावलं. ती सगळं आधीच वाचून आली होती, तरी शहाण्यासारखी ऐकत राहिली. मीही ऐकलं. आण्णा तेवढे नव्हते.

घरी आल्याबरोबर ती कारखान्याच्या उंबऱ्यावर बसली आणि भर उन्हात तिनं रोल भरला. डबीतून फिल्मची जीभ ओढून काढली, चाकाच्या फटीत अडकवली, दाते बसले का बघितले आणि झाकण लावलं. आण्णा लेथ बंद करून बघत उभे होते. एखाद्या हुशार उमेदवाराचं पहिलं काम बघावं तसे बघत होते.

“हात चांगला हाय पोरीचा,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “तुझ्यापेक्षा बरा.”

त्या कौतुकानंतर शालनला जोर आला. पण रोल पुन्हा मिळणार नाही या धास्तीनं ती फोटो काढायला फार चिकट होती. तासन्‌तास कॅमेरा डोळ्याला लावून बसायची आणि खटका दाबायचीच नाही. आई तांदूळ निवडायला बसली की ही समोर. आई पदर तोंडावर ओढायची.

“माझं काय काढतीस म्हातारीचं? तुझा काढ. शाळंतल्या त्या एका फोटोशिवाय घरात तुझं काय तरी हाय का?”

“बरी झाले की काढू. आत्ता गळ्याची हाडं दिसत्यात.”

“दिसू दे की. मला रोजच दिसत्यात.”

पण ती हटायची नाही. आईचं हे मागणं श्रावणभर चाललं. शाळेतला फोटो चौथीतला होता, दोन वेण्या आणि डोळे मिटलेले. आईला मोठी झालेली शालन भिंतीवर पाहिजे होती. तिनं त्यासाठी माझ्याकडून दाराशेजारी खिळासुद्धा मारून घेतला होता. देवाच्या फोटोंपेक्षा जरा खाली, येता-जाता नजरेला पडेल असा.

आणि एका दुपारी शालन आपणहून नवा ड्रेस घालून बाहेर आली. बंद गळ्याचा, निळा, गळ्याशी एक पांढरं बटण असलेला. हाडं झाकली गेली होती. केस विंचरले होते. एवढ्यानंच तिला धाप लागली होती.

“दादा, आज काढ. आईला सांगू नको. धुऊन आल्यावर एकदम दाखवू.”

ती शेडच्या दारात उभी राहिली, चौकटीला टेकून. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर मला दोन शालन दिसल्या, एकीत एक मिसळलेल्या.

“दोन दिसत्यात गं.”

“दिसणारच. पुढची कडी फिरव. दोन्ही एकावर एक आल्या की फोटो स्वच्छ.”

“चेहरा जुळंना. हालतोय.”

“चेहऱ्यावर न्हाई कळत, येड्या. गळ्याचं बटण बघ. बटणावर जुळव.”

मी बटण बघितलं. दोन पांढरी बटणं होती, ती सरकत सरकत जवळ आली आणि एक झाली. मी श्वास धरून खटका दाबला. ती लगेच खाली बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून दम घेत राहिली. मी पाणी आणायला धावलो.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात एका सकाळी ती अंथरुणात उठून बसली, ती पुन्हा आडवी होईना. आडवं झालं की जीव घुसमटायचा. रिक्षात ती माझ्या खांद्यावर टेकून होती आणि आण्णा पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्धवट बसून, मागे तोंड करून तिच्याकडे बघत होते. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिचं ओझं बदललं. मला कळलं होतं. मी सांगितलं नाही, डॉक्टरांनीच सांगू दे म्हणून.

त्यानंतर बरेच दिवस आण्णांनी लेथ चालू केला नाही. शेड उघडायचे, लेथसमोर स्टूल घेऊन बसायचे आणि बंद करून आत यायचे.

कॅमेरा तिच्या उशाच्या फळीवर होता. रोल संपायला थोडे फोटो राहिले होते. तेराव्यानंतर मी आईला म्हटलं, “आई, त्यात तिचा फोटो हाय. दारात उभी राहून काढून घेतलाय तिनं. धुवायला देऊ?”

आईनं माझा हात धरला. मग तोंडात पदर कोंबून खाली बसली. म्हणाली, “दिवाळीपर्यंत थांब रे सर्जा. आत्ता मला बघवायचं न्हाई. पण हाय न्हवं? नक्की हाय न्हवं त्यात?”

“नक्की हाय.”

त्या दिवसापासून आई जरा जेवू लागली. दिवाळीपर्यंतचे दिवस काढायचे आहेत, असं ठरवून जगणाऱ्या माणसाचं असतं तसं तिचं झालं. येणाऱ्या बायकांना सांगायची, “माझ्या शालनचा फोटो यायचाय.” लग्न होऊन गेलेली लेक माहेरपणाला यायची असावी, तसं सांगायची.

खंडेनवमी आली. दुखवट्याचं वर्ष, घरात सण नव्हता. गोडधोड नाही, तोरण नाही. पण आण्णा म्हणाले, “आपला सण न्हाई. हत्यारांचा हाय. त्यांना का म्हणून उपाशी ठेवायचं?” आदल्या दिवशी ते पहाटे शेडमध्ये गेले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. दरवर्षी हे काम आम्ही दोघं मिळून करत असू. पाने, पक्कड, मापं घ्यायचा व्हर्नियर, ड्रिलची बिटं, सगळं सुटं करायचं, रॉकेलनं धुवायचं, कापडानं कोरडं करायचं आणि पातळ तेलाचा हात फिरवून पुन्हा जोडायचं. त्या वर्षी त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. मीही म्हटलं, रडायचं असेल तर रडू दे एकट्याला.

दुसऱ्या दिवशी पाटावर हत्यारं मांडली होती. लखलखत होती. आणि रांगेच्या शेवटी, व्हर्नियरशेजारी, शालनचा कॅमेरा. त्यालाही हळदीकुंकवाचं बोट, त्यालाही झेंडूचं फूल. पोचा तसाच होता, पण बाकी सगळं अंग नव्यासारखं चमकत होतं.

“तिचं हत्यार,” आण्णा म्हणाले. “ते कसं मागं ठेवायचं?”

आईनं वाकून कॅमेऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. आण्णांनी पोरीचा हा मान ठेवला म्हणून त्या दिवशी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, आमच्या घरात तसली रीत नव्हती.

दिवाळीत आईच म्हणाली, “जा. आण आता.”

रोल डबीत परत गुंडाळताना जरा जड गेला. पहिलाच रोल, मला काय ठाऊक, तो जड जातो का हलका. इनामदारांनी दुकानाची फळी अर्धी ओढली आणि स्वतः आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. पोरीच्या मैताला ते आले होते. “बस,” म्हणाले, “तुझ्यादेखत धुतो.” मी त्याच स्टुलावर बसलो. आईनं हार आधीच आणून ठेवला होता, पण जिवंतपणीच्या फोटोला आधी हार नको, आधी नुसता बघू, असंही तीच म्हणाली होती. मी तिचा चेहरा कसा होईल याचा विचार करत होतो.

इनामदार बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ओली फिल्म लोंबत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. दिवासुद्धा पलीकडून दिसेना.

“काय झालं?”

“सर्जेराव, हा कुणीतरी उघडलाय. नुसता उघडला न्हाई, सगळी फिल्म बाहेर काढलीय. एक फोटो राहिला न्हाई.”

“कोण उघडंल? आमच्यात ल्हान पोर न्हाई, कोण न्हाई.”

त्यांनी फिल्म खाली घेतली. मग बोटं एकमेकांवर घासत म्हणाले, “अंधारात फिल्म काढताना माझ्या हाताला तेल लागलं. पातळ तेल. सगळ्या फिल्मला सारखं लावलेलं. पुसून, नीट गुंडाळून ठेवलं होतं.”

त्यांनी मला फिल्म दिली. धुऊनसुद्धा तिला जरासा वास होता. त्या वासात मी लहानाचा मोठा झालो होतो.

आण्णा भर उन्हात शालनला रोल भरताना बघत उभे होते, ते मला आठवलं. ती उजेडातच भरत होती. उजेडानं काही होत असेल असं त्यांना कोण सांगणार? त्यांनी यंत्र घेतलं, त्याचं पोट उघडलं, आतली पट्टी कापडानं पुसली, गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवला आणि जशी होती तशी परत बसवली. लेकीचं शेवटचं काम त्यांनी हातचं काही न राखता केलं होतं.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. मागं आण्णा, हातात पुसायची चिंधी. दिवाळी असून लेथ पुसायला घेतला होता, तसेच उठून आले होते.

“आण,” आई म्हणाली आणि हात पुढे केला.

“न्हाई आलं आई.”

“उद्या देतो म्हटला?”

“फोटोच न्हाई आलं. रोल वाया गेला. उजेड लागला त्याला.”

“उजेड लागला म्हंजे?” हे आण्णांनी विचारलं.

“मागचं झाकण उघडलं की आतल्या फिल्मला उजेड लागतो. मग काढलेलं सगळं जातं.”

हे मी आईकडे बघून बोललो. तरी आण्णांच्या हातातली चिंधी फिरायची थांबली, ते मला दिसलं.

“मग उघडलं कुणी?” आईचा आवाज चढला. “कुणी उघडलं माझ्या पोरीचं? बोल की!”

“मी,” मी म्हणालो. “किती राहिलेत बघावं म्हणून उघडलं. मला ठाऊक न्हवतं.”

आईनं माझ्या तोंडात मारली. मोठा झाल्यापासून पहिल्यांदाच. मग दोन्ही हातांनी मारत सुटली, आणि मी उभा राहिलो. आण्णा काहीतरी बोलायला पुढे आले असं वाटलं. ते वळले, शेडमध्ये गेले आणि लेथ चालू केला. चकात धरून कातायला काही लावलेलं नव्हतं. तो रिकामाच फिरत राहिला.

मला वाटलं होतं, आई आठ दिवस रागावेल. कुठली आलीय! तिनं माझं नाव टाकलं. ताट वाढायची आणि माझ्या बाजूला सरकवायची. सर्जा म्हणून तिनं पुन्हा मला हाक मारली नाही, ‘ए’ म्हणायची किंवा दुसऱ्याला सांगायची. माझं लग्न झालं, तेव्हा नव्या सुनेला तिनं पहिल्याच आठवड्यात तो रिकामा खिळा दाखवला. पाहुण्यांसमोर म्हणायची, “माझी पोरगी दोनदा गेली. एकदा देवानं न्हेली. एकदा ह्यानं.” मी दर वेळी आण्णांकडे बघायचो. ते ताटाकडे बघत जेवत असायचे. त्यांना काही कळलंच नाही, असंच मी धरून चाललो. असं धरलं नसतं, तर मला त्या घरात राहता आलं नसतं.

खंडेनवमीला कॅमेरा रांगेत असायचा. फक्त आण्णा तो पुसायचे नाहीत. फळीवरून काढून धुळीसकट पाटावर ठेवायचे.

आई गेली ती माझ्याशी न बोलताच. शेवटच्या दिवसांत मी तिचे पाय चेपायचो, ती पाय ओढून घ्यायची नाही एवढंच. तिच्यामागून पहिली खंडेनवमी आली, तेव्हा आण्णा पार वाकले होते. हत्यारं मी पुसत होतो, ते स्टुलावर बसून बघत होते. शेवटी मी कॅमेरा हातात घेतला आणि चिंधी उचलली.

“त्याला तेल लावू नको,” आण्णा म्हणाले.

मी चिंधी खाली ठेवली. “तुम्हाला ठाऊक होतं.”

“झाकण म्हणालास तवाच कळलं.”

“मग बोलला का न्हाई?”

ते हाताच्या तळव्याकडे बघत म्हणाले, “पोरावरचा आईचा राग टिकत न्हाई म्हटलं. चार दिस रागवंल, इसरंल. नवऱ्यावरचा टिकतो.”

“टिकला की आण्णा. मरेपर्यंत टिकला.”

“व्हय. टिकला.”

माझा संताप झाला. इतक्या वर्षांचा, साठलेला. हातातला कॅमेरा त्यांच्यासमोर फरशीवर आपटावा असं वाटलं. तुम्ही तिच्या पाटाशेजारी बसून रोज जेवलात आणि मला तिनं पाण्यासारखं ओतून टाकलेलं बघितलंत, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. वर बघितलं तर आण्णा रडत नव्हते, काही नव्हते. नुसते वाट बघत होते. मला वाटलं, मार खायला बसलेत.

पण ते दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते.

“सर्जा,” ते म्हणाले, “त्यो फोटो तूच काढलावतास न्हवं? दारातला?”

“व्हय.”

“मला इचारायचं होतं. तुझी आई असताना कसं इचारणार?” ते स्टुलावरून पुढं वाकले. “कशी दिसत होती रे त्यात?”

मी डोळे मिटले. दाराची चौकट आठवली. निळा ड्रेस आठवला. दोन पांढरी बटणं सरकत सरकत एक झालेली, त्यांचा दोरासुद्धा आठवला. खटका दाबताना बटणाच्या वर बघितलंच नव्हतं मी.

“हसत होती,” मी म्हणालो.

“हां,” आण्णा म्हणाले आणि मान डोलावत राहिले. “म्हंजे चांगला आला असता.”